साडेआठ किलो आणि नदीची वाट

सकाळचे सहा वाजले की माझ्या फोनवर पाय यायला लागायचे. बायकांचे पाय. वजनकाट्यावर उभं राहून, मान खाली घालून काढलेला फोटो. मधे आकडा आणि दोन्ही बाजूंना पावलं. कुरूप झालेली करंगळी, अर्धवट उडालेलं नेलपॉलिश, जोडवी रुतून काळी पडलेली बोटं. वीस बायका, चाळीस पाय, रोज. चहाच्या आधी म्हणणार होते, पण चहा बंद होता. त्या पायांखाली टाळ्या वाजवणारे पिवळे हात यायचे, गुलाबाची फुलं यायची, आणि ‘सुपर ताई’ असं लिहून यायचं. मीसुद्धा माझे पाय पाठवत होते.

मी जळगावला एका शाळेत गणित शिकवते. नवऱ्याची नोकरीही इथलीच. माहेर रावेरचं, केळीच्या बागांमधलं. सासर धुळ्याकडचं, पांझरेच्या काठच्या गावातलं. तिथे सासू, दीर आणि धाकटी जाऊ असतात. सासूला आम्ही सगळे अक्का म्हणतो. घर चालवते धाकटी. मी सणावाराला बॅग घेऊन उतरणारी मोठी सून. वीस वर्षांत अक्का मला कधी वाकडं बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे कधी काही मागितलंही नाही. पाहुण्याकडे कोण काय मागणार?

दोन वर्षांपूर्वी होळीला गेले, तेव्हा पहिल्यांदा मागितलं. मी निघायच्या तयारीत होते. अक्का ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत. वर न बघताच म्हणाल्या, “यंदा कानबाई तू ले. मना गुडघा आते ऐकतस नही.”

आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साडीचोळी, दागिने घालून देवी मांडतात. सोमवारी सकाळी घरातल्या मोठ्या बाईने तिला पाटासकट डोक्यावर घ्यायचं आणि गाणी म्हणणाऱ्या बायकांबरोबर नदीपर्यंत चालत जायचं. घरापासून नदी दीडेक किलोमीटर. मधे पाण्याची टाकी लागते, मग उतार, मग वाळू. अक्का ती वाट पस्तीस वर्षं चालल्या होत्या.

मी हो म्हटलं. माझं वजन तेव्हा ब्याऐंशी किलो होतं आणि शाळेचा दुसरा मजला चढले की फळ्यावर तारीख लिहायच्या आधी मला दोन मिनिटं खुर्चीत बसावं लागायचं. हे अक्कांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी पुढे म्हटलं, “नही जमनं तं सांगी दे. धाकलीले देसू.”

ते ‘धाकलीले देसू’ मला लागलं. जळगावला पोचेपर्यंत एसटीत तेच डोक्यात घोळत होतं.

आठवड्याभरात मी डॉक्टरांकडे गेले. बाई साध्या, बोलायला कोरड्या. त्यांनी रक्त तपासलं, गुडघे वाकवून पाहिले. मी कानबाईचं सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले. “श्रावणाला चार-पाच महिने आहेत. तोपर्यंत तीन किलो उतरलं तर मी खूश. जेवण बंद करू नका, ताट बदला. रोज चाला, आधी रिकाम्या हाताने, मग डोक्यावर थोडं ओझं घेऊन. यंदा टाकीपर्यंत न्या. तिथून जाऊबाईंना द्या. पुढच्या वर्षी नदीपर्यंत जाल.”

तीन किलो. आणि अर्धी वाट. मला इतका राग आला की त्यांनी लिहून दिलेला कागद मी जिन्यातच पर्समध्ये चुरगळून टाकला. देवीला अर्ध्या वाटेवर उतरवायचं, तेही धाकटीच्या डोक्यावर? घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ह्या बाईंना काही कळत नाही. तो म्हणाला, “चार महिने चालून तर बघ.” तो नेहमी असंच मिळमिळीत बोलतो.

मी चालले नाही. रागात जेवले मात्र छान. असे चैत्र-वैशाख गेले, आषाढ लागायची वेळ आली आणि वजन चौऱ्याऐंशी झालं. मग घाबरले, आणि क्लबात गेले.

क्लब म्हणजे एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावरचा शटरचा गाळा. आतून गुलाबी रंग दिलेला. भिंतीभर जोडीचे फोटो. डावीकडे पोट सोडून उभी असलेली, तोंड पाडलेली बाई, उजवीकडे तीच बाई श्वास रोखून, लिपस्टिक लावून. आता मला ते लांबूनही कळतं. तेव्हा मी हावऱ्यासारखी एकेक फोटो बघत होते. तिथला माणूस तिशीचा, अंगाला चिकटलेला टीशर्ट, दात फार पांढरे. त्याला सगळ्या बायका ‘सर’ म्हणायच्या. मी पण म्हणू लागले. माझ्या वर्गात बसला असता तर त्याला मी पहिल्या बाकावर ठेवला असता, नजरेखाली.

“चाळीस दिवस, बारा किलो, ताई,” तो म्हणाला.

मी त्रैराशिक शिकवते. डॉक्टर म्हणतात चार-पाच महिन्यांत तीन, हा म्हणतो चाळीस दिवसांत बारा. असं उत्तर कुठल्याही पोराने वहीत लिहिलं असतं तर मी लाल पेनाने गोल करून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं असतं. इथे मी नाव नोंदवलं.

सकाळी एक शेक, संध्याकाळी एक शेक, दुपारी एक फुलका आणि काकडी. शेक पातळ, कोमट, तळाशी खडूच्या भुकटीसारखा साका. पिऊन झालं की तासभर त्याचे ढेकर. पहिल्याच दिवशी सरांनी वर्ज्य पदार्थांची यादी सांगितली आणि त्यात सर्वात वर केळं. “केळं म्हणजे विष, ताई.” बाहेर हायवेवरून केळीने भरलेले ट्रक दिल्लीकडे चालले होते आणि आत हा मला, रावेरच्या मुलीला, केळं विष आहे म्हणून सांगत होता. तीन दिवसांनी त्याने मला नवा डबा दिला. शेक तोच, वास केळ्याचा. मी तो प्यायले. चव नेलपॉलिशच्या बाटलीची होती.

शनिवारी सगळ्यांदेखत वजन व्हायचं. ज्या बाईचं उतरलं तिला टाळ्या. ज्या बाईचं वाढलं तिने पुढे येऊन आठवड्यात काय खाल्लं ते सांगायचं. एक पन्नाशीची बाई, नातवाच्या वाढदिवसाच्या केकचा तुकडा खाल्ला म्हणून हात जोडून रडत उभी राहिलेली मी पाहिली आहे. आम्ही तिच्याकडे बघत होतो आणि आपण तिथे नाही याचं सगळ्यांना बरं वाटत होतं. काट्यावर चढण्याआधी बायका बांगड्या काढायच्या, केसांच्या पिना काढायच्या. दोघीतिघी मागच्या बेसिनमध्ये जाऊन पुन्हापुन्हा थुंकायच्या. थुंकीचं वजन कितीसं असणार! मी दुसऱ्या शनिवारपर्यंत नाक मुरडलं. तिसऱ्या शनिवारी मी बेसिनपाशी रांगेत उभी होते.

वजन मात्र उतरत होतं. ते मी नाकारत नाही. आणि त्याबरोबर बाकीचंही उतरत होतं. न्हाणीच्या जाळीवर रोज केसांचा गुंता. तोंडाला अशी घाण यायची की वर्गात मुलींच्या वहीवर वाकताना मी श्वास रोखायचे. चार-चार दिवस पोट साफ नाही. दुसऱ्या मजल्यावर आता दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटं बसावं लागे. सरांना विचारलं तर म्हणाले, “शरीरातली घाण बाहेर पडतेय, ताई. चांगलं लक्षण आहे.” नवरा म्हणाला, “तू रोज देवीएवढं वजन डोक्यावर घेऊन गच्चीवर चालून तरी बघ.” मी त्याला म्हटलं, अंगावरचं बारा किलो गेल्यावर डोक्यावरच्या चार किलोचं काय मोठं. गणित शिकवणारी बाई हे बोलली.

कानबाईचा रविवार माझ्या चाळीस दिवसांतला अडतिसावा दिवस होता. मंगळवारी शेवटचं वजन. त्या रविवारी आमच्याकडे सगळ्यांचा दिवसभर उपास असतो, संध्याकाळी देवीला नैवेद्य दाखवला की सोडायचा. मी काय केलं असेल? देवीचा उपास आणि क्लबचा उपास एकात एक धरला. देवी प्रसन्न आणि काटाही प्रसन्न. शनिवारच्या दुपारच्या फुलक्यानंतर मी काही खाल्लंच नाही. शेकसुद्धा नाही, कारण उपासाला तो चालतो की नाही हे कोणाला विचारणार?

संध्याकाळी रोट झाले. रोटाचा आमच्याकडे नेम आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, तो घरीच दळायचा, त्याचे रोट आणि खीर. बायकांच्या नावाची मूठ नसते. खायचं मात्र सगळ्यांनी आणि घरातल्यांनीच. बाहेरच्याला द्यायचं नाही, टाकायचं तर मुळीच नाही. पानात दोन रोट पडले. जाड, तुपाने चमकणारे. त्या वासाने माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की बेसिनची आठवण झाली. पण मंगळवारचा काटा डोळ्यांपुढे होता. मी खिरीत बोट बुडवून जिभेला लावलं, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून दोन्ही रोट रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले. टाकता येत नव्हते ना! मंगळवारनंतर खाईन, असं देवीला मनातल्या मनात सांगितलं. देवीच्या समोर बसून देवीचा प्रसाद चोरणारी मोठी सून.

सोमवारी सकाळी मी जरीची हिरवी साडी नेसले. पोलकं दोन टाके घालून आवळावं लागलं, त्याचा केवढा आनंद! अक्कांनी स्वतः माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली. पाट वर चढला, नथ माझ्या कपाळापुढे हलली. सरांनी क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर सांगून ठेवलं होतं, सणाचा फोटो पाठवा म्हणून, तेव्हा मी उंबऱ्यातच थांबून नवऱ्याला फोटो काढायला लावला. बायका गाणं धरून खोळंबल्या होत्या. मी त्याला म्हटलं, कडेने काढ, कडेने बारीक दिसते. आणि तिथूनच गटावर पाठवायला लावला.

मग चालू लागले. पहिली गल्ली बरी गेली. कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपाशी गाणं लांब गेल्यासारखं झालं. तोंडात ती ओळखीची घाण चव आली. समोर टाकी दिसत होती, अजून बरीच पुढे. मी स्वतःला म्हटलं, टाकीपर्यंत. त्या डॉक्टरीणबाईंच्या टाकीपर्यंत तरी. दहा पावलं टाकली असतील. गुडघे वाकले ते कळलं नाही, फक्त डोक्यावरचं ओझं गेल्याचं कळलं. धाकटी माझ्या डाव्या हाताला चालत होती. पाट कलायच्या आत तिने दोन्ही हातांनी वरच्या वर उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर घेतला. साधा पदर सारखा केला नाही तिने. चुंबळसुद्धा नव्हती तिच्या डोक्यावर.

मिरवणूक थांबली नाही. कानबाई वाटेत थांबवत नाहीत. बायका माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे गेल्या, काहींच्या साड्या माझ्या तोंडावरून घासून गेल्या. मी डेअरीच्या ओट्याला टेकून रस्त्यावर बसले होते, जरीची साडी सांडलेल्या दुधात, आणि पित्त पडलं. पिवळं, कडू, केळ्याच्या वासाचं. दोन दिवस पोटात काही नसताना तो वास कुठून आला देव जाणे. गाणं टाकीच्या पलीकडे उतरलं आणि ऐकू येईनासं झालं.

अक्का रिक्षात बसून मिरवणुकीच्या मागे येत होत्या. त्या उतरल्या. त्या गुडघ्यांनी उतरल्या. माझ्या शेजारी ओट्यावर बसल्या आणि हातरुमाल शोधायला, निघताना मी त्यांच्याकडे दिलेली माझी पर्स उघडली. आतून ते गुंडाळं निघालं.

त्यांनी ते उलगडून पाहिलं. “राती तू जेवनी नही का?”

मी मान हलवली.

मी वाट बघत होते की त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डेअरीवाल्याकडून पेलाभर गरम दूध मागून घेतलं, रोट त्यात कुस्करला आणि पेला माझ्या हातात दिला. “खाय. रोट शे तो. टाकता येत नही.”

मी दोन्ही रोट खाल्ले. रस्त्यावर बसून, पित्ताच्या वासात, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. नाक गळत होतं ते पुसलंही नाही. समोरच्या दारातून दोन बायका बघत होत्या. इतकं चवदार काही मी त्याआधी खाल्लं नव्हतं, आणि इतकी लाज कधी वाटली नव्हती. नदीवरून धाकटी परत आली, पाट घरात ठेवला आणि लगेच पोळ्यांना बसली.

मंगळवारी मी क्लबात गेलेच. का गेले विचारू नका. साडेआठ किलो. बारा नाहीच, पण टाळ्या झाल्या. मी सरांना सांगितलं, मी रस्त्यात कोसळले. तो पांढरे दात दाखवून म्हणाला, “उपासामुळे झालं असेल, ताई. आपला शेक घेतला असता तर झालं नसतं.” पुढच्या आठवड्यात भिंतीवर माझी जोडी लागली. डावीकडे पहिल्या दिवशीचा, पोट सोडून उभं राहायला लावून काढलेला फोटो. उजवीकडे उंबऱ्यातला, कडेने काढलेला, डोक्यावर कानबाई. काढून टाका म्हणून मी दोनदा जाऊन सांगितलं, एकदा भांडले. “इतर ताईंना प्रेरणा मिळते,” म्हणाला. तो फोटो फोनाफोनांतून फिरत दिवाळीच्या आत आमच्या गावात पोचला. धाकटीने अक्कांना दाखवला. अक्कांनी फोन लांब धरून तो नीट पाहिला.

“याना पुढे काय व्हयनं, ते बी दखाडा म्हना त्यास्ले.”

साडेआठचे साडेआठ किलो संक्रांतीपर्यंत परत आले. त्या भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या दिवसांत मी अशी जेवले की जणू कोणी ताट ओढून नेणार आहे. मग एके दिवशी पर्समधला तो चुरगळलेला कागद काढून इस्त्री केल्यासारखा हाताने सपाट केला आणि डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पुन्हा बोटांवर महिने मोजले आणि पुन्हा तेच सांगितलं. तीन किलो, आणि टाकीपर्यंत.

मी चालले. गच्चीवर, डोक्यावर तांदळाची पिशवी घेऊन. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालताना माझ्याकडे बघून हसायची. कंटाळवाणं काम. टाळ्या नाहीत, फुलं नाहीत, महिनाभरात काटा कधी अर्धा किलो हलायचा, कधी तेवढाही नाही. श्रावणापर्यंत सव्वादोन किलो गेलं. तीनसुद्धा नाही.

गेल्या श्रावणात संध्याकाळचे रोट मी पोटभर खाल्ले आणि सोमवारी कानबाई उचलली. डेअरीवरून पुढे गेले. टाकीपाशी माझे गुडघे थरथरायला लागले होते, पण मी उभी होते. तिथे मी धाकटीकडे वळले. ह्या वेळी तिच्या डोक्यावर चुंबळ होती. आम्ही दोघींनी मिळून पाट उतरवला आणि चढवला. मागे रिक्षात अक्का होत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, “अर्धी वाट तं अर्धी वाट. कानबाईले काय घाई शे?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

मी टाकीच्या कट्ट्यावर दम खात बसले होते, तेवढ्यात एक बाई शेजारी येऊन टेकली. तिशी-पस्तिशीची, भाऊबंदांपैकीच कोणाची तरी सून, नशिराबादला राहणारी. डोळ्यांखाली काळं, ओठ कोरडे. ती बोलायला वाकली आणि तो वास आला. मी तो कुठेही ओळखीन.

“ताई, तुमचा फोटो बघूनच मी क्लब लावला,” ती म्हणाली. “आज सतरावा दिवस.”

मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. केस, बेसिनमधली थुंकी, रुमालातले रोट, दूध डेअरी, पित्त. तो फोटो काढल्यावर पाच मिनिटांत मी रस्त्यावर होते, हे तिला बोटाने डेअरी दाखवून सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. मग आवाज खाली आणून विचारलं, “पण ताई, गेलं किती होतं?”

गप्प बसायला हवं होतं. ‘एकही नाही’ म्हणायला हवं होतं, आणि ते खरंही होतं.

“साडेआठ,” मी म्हटलं.

तिचे डोळे लकाकले. आणि ते बघून माझी पाठ ताठ झाली, पोट आत गेलं, आपोआप. खाली उतारावर कानबाई धाकटीच्या डोक्यावरून नदीकडे चालली होती, आणि मी टाकीपाशी श्वास रोखून कडेने बसले होते.